वलवणच्या भाऊंचं नाक

लोणावळ्यातल्या वलवणला भाऊंच्या गॅरेजात गाडी नेली की भाऊ आधी तुमच्याकडे बघत नसत. बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी बाहेर काढायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचे, "या, बसा." नवख्या माणसाला वाटे, हा बाबा आता पट्टी चाटतोय की काय. आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना माहीत होतं की तपासणी संपली, आता फक्त निकाल ऐकायचा.

मी 'नसत', 'म्हणायचे' असं लिहितेय म्हणून कुणाचा गैरसमज नको. भाऊ चांगले खणखणीत आहेत, परवाच माझ्यावर ओरडले. गेलं ते त्यांचं नाक. म्हणजे नाक जागेवर आहे, लांबसडक आहे, पण त्याला वास कळेनासा झाला. ज्या माणसाचं निम्मं गॅरेज नाकावर चालायचं त्याचं पुढे काय झालं, ते मला सांगायचंय. पण आधी नाक होतं तेव्हाचे भाऊ सांगायला हवेत, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही.

मी कामशेतला ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकाऊ गाडीचे हाल कुत्रं खात नाही. रोज नवा पाय, रोज नवा धक्का. कामशेतला गॅरेजं काही कमी नाहीत, तरी मी गाडी वलवणलाच न्यायची, कारण भाऊंनी बांधलेलं इंजिन गळत नसे. त्याबदल्यात बोलणी खावी लागत. मला ते मास्तरीणबाई म्हणतात. "मास्तरीणबाई, तुमी लोकांला गाडी शिकिवता का गाडीला लोकं शिकिवता?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याची गणती नाही.

इंजिनाचे दोन भाग एकमेकांवर बसवताना मध्ये पत्र्याचा, रबराचा नाहीतर जाड कागदाचा तुकडा घालतात, त्याला गॅरेजात पॅकिंग म्हणतात. नळीतून पिळून लावतात ती पेस्ट, वाळली की रबरासारखी होते. पुष्कळ मेकॅनिक पॅकिंग बसवतात आणि वर मनाच्या समाधानासाठी पेस्टही थापतात. भाऊंना याची भयंकर चीड. "पॅकिंगचं काम पॅकिंगला करू द्यावं, पेस्टचं पेस्टला. दोगंबी एकाच बांधावर लावले की दोगंबी गप्पा मारत बसत्यात." रबरी पॅकिंगला पेस्ट फासली की आवळताना ते घसरतं, हे त्यांचं म्हणणं. कुठे कोपऱ्यात दोन सांधे एकत्र येत असतील तर तेवढ्यापुरती तिळाएवढी पेस्ट ते लावत, तीही नाइलाज झाल्यासारखं तोंड करून.

दुसऱ्यांनी थापलेल्या पेस्टचा त्यांच्याकडे संग्रह होता. सांध्यातून आत पिळली गेलेली पेस्ट वाळून तुटते, ऑइलबरोबर फिरते आणि जाळीत अडकते. असे तुकडे भाऊ चिमट्याने काढत आणि चिवड्याच्या बरणीत जमवत. काळे, लाल, करडे. गिऱ्हाईक जरा शहाणपणा करायला लागलं की बरणी त्याच्यापुढे ठेवायची. "हे बगा. लोकांच्या इंजनाच्या पोटातनं निघालंय." एकदा मुंबईच्या एका बाईंनी ती खरंच खायची वस्तू समजून झाकण उघडलं होतं. भाऊंनी अडवलं नाही. वहिनींनी अडवलं.

वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. गॅरेजच्या मागेच घर, मधे एक दार. ते दार उघडं असलं की वहिनींचा कान गॅरेजात आणि भाऊंचं नाक स्वयंपाकघरात. दोघांचं मूळ गाव बेडसे. आतल्या खोलीत बुद्धाची तसबीर आहे, तिच्यापुढे पौर्णिमेला मेणबत्ती लागते, पण अगरबत्ती कधी नाही. भाऊंनी लग्न झाल्यापासून अगरबत्तीला बंदी घातलेली. "चार दिस मला दुसरा वास कळत न्हाई," म्हणायचे. वहिनी विहारात जाऊन हौस भागवून यायच्या आणि मग भाऊ त्यांना अंगणात थोडा वेळ वाऱ्याला उभं करायचे. आता त्यात गंमत वाटते, पण वहिनी बऱ्याच वर्षांत हसल्या नव्हत्या त्यावर.

नाक मात्र होतं खरं. एका गिऱ्हाइकाला त्यांनी गाडीचा दरवाजा उघडताच सांगितलं होतं की तुमचा मुलगा गाडीत सिगारेट ओढतो. मुलगा शेजारीच उभा होता. आमच्या एका शिकाऊ गृहस्थांनी क्लच जाळला, तो मी गाडी वळवून आत घेण्याआधीच भाऊंनी आतून ओळखला. सायलेन्सरचं काम झालं की इंजिन चालू करायचं, खाली वाकायचं, पाइपाच्या सांध्यापासून सुरुवात करून इंजिनापर्यंत नाक फिरवत जायचं. बाकीचे गॅरेजवाले साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघतात. त्यांना भाऊ 'साबणवाले' म्हणत, आणि तो शब्द ते शिवीसारखा वापरत.

पेस्ट वाळली की नाही हेही ते नाकानेच ठरवत. ओल्या पेस्टला आंबट वास येतो, कच्च्या कैरीच्या खारासारखा. ज्या गाडीच्या इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला पॅकिंगच नसतं, नुसत्या पेस्टवर बसवतात, ती गाडी तो वास जाईपर्यंत हलू द्यायची नाही. "वास गेला की न्या." पुण्याचं एक कुटुंब असंच अडकलं होतं. साहेब घड्याळ दाखवत होते, मीटिंग आहे म्हणत होते. भाऊ म्हणाले, "चिक्की खावा, डॅम बगा. पेस्टला तुमची मीटिंग म्हाईत न्हाई." ते मुक्कामाला राहिले. जाताना मुलांनी भाऊंबरोबर फोटो काढला, साहेबांनी काढला नाही.

आता त्यांचं एक ठाम पण चुकीचं मत सांगते, नाहीतर मी त्यांची आरती ओवाळतेय असं वाटेल. लोणावळ्याच्या पावसात काहीच वाळत नाही. शेगडीत निखारे घालून वर टोपली पालथी टाकायची आणि टोपलीवर कपडे वाळवायचे, ही इथली जुनी रीत. भाऊंचं म्हणणं, जिथे बनियन वाळत नाही तिथे पेस्ट काय वाळणार. म्हणून पावसाळ्यात चेंबर बसवला की ते वहिनींची शेगडी कपड्यांसकट उचलून आणायचे, कपडे बाजूला काढायचे आणि शेगडी गाडीजवळ ठेवायचे. पेट्रोलची गाडी आणि शेजारी निखारे. मी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. एकदा मी नळीवरचा बारीक मजकूर वाचून दाखवला की ही पेस्ट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, पावसात उलट लवकर होते. भाऊंनी विचारलं, "लिवणारा लोणावळ्यात पावसाळा काढून गेल्ता का?" शेगडी चालूच राहिली, आणि वहिनींचे ओले कपडे माझ्या हातात.

मग भाऊंना ताप आला. साधा नव्हता, बरेच दिवस अंथरुणात होते. उठले ते वाळलेले, पण काम पूर्वीसारखंच सुरू झालं. पट्टी नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. एवढंच की गाडी मिळायला उशीर व्हायला लागला. 'उद्या न्या'चं 'परवा न्या' झालं. चेंबरचं काम असलं की दोनदोनदा शेगडी. मी वैतागले, बाकीचेही वैतागले. आम्हाला वाटलं, वय झालं, आणखी हेकट झाले. कधी कधी ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "मास्तरीणबाई, आंबट येतोय का वो अजून?" मी म्हणायची, "तुम्हीच सांगा, नाक तुमचं." ते शेगडी आणखी जवळ सरकवायचे.

त्या वर्षी पाऊस सरत आला असताना माझी गाडी वलवणला होती. इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप जिथे इंजिनाला जोडलेला असतो, तिथलं पॅकिंग जळालं होतं. भाऊंनी नवं घातलं, इंजिन चालू केलं, वाकून नाक फिरवलं, म्हणाले, "साफ हाय. न्या." मी गाडी घेऊन कामशेतला आले आणि लगेच पुढचा धडा सुरू केला.

धडा बेडशाच्या एका सुनेचा होता. घरी गुलाबाचं पॉलिहाऊस, माल पोचवायला पिकअप, आणि ती चालवणारा एकटा नवरा, तोही कंपनीत पाळीला जाणारा. पाळी बदलली की फुलं पडून राहायची. मग हिनेच ठरवलं, आपण शिकायचं. सासूचा याला साफ विरोध. हात छान होता पोरीचा. मी सहसा कौतुक करत नाही, शिकणारे लगेच वेग वाढवतात, पण हिचं एकदोनदा केलं होतं.

जुन्या हायवेने आम्ही कार्ल्याच्या बाजूला निघालो. भुरभुर होती. काचेवर आतून वाफ धरली म्हणून ब्लोअर लावला. पुढे ट्रक होता, धुराचा वास आला, तो त्याचाच असं समजून मी काचा पार वर करायला लावल्या. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मॅडम, डोकं दुखतंय." मी म्हटलं, खांदे सैल सोड. मग म्हणाली, "मला सगळं लांब दिसतंय." तेव्हा मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. उतरताना माझेच पाय लटपटले. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला उलटी झाली. वाऱ्यावर दोघींनाही बरं वाटलं, आणि परत गाडीजवळ गेले तेव्हा ट्रक केव्हाच निघून गेलेला असूनही वास तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी टोचन करून वलवणला नेली. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. भाऊंना मी जे काय बोलायचं ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझा सांधा गळत न्हाई." इंजिन चालू केलं, वाकले, नाक अगदी सांध्याला टेकेल इतकं जवळ नेलं. "साफ हाय. या, तुमीच बगा."

मला चार हात लांबूनही वास येत होता. मी काही बोलायच्या आत मागच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "बंद करा ते. मला हितं चुलीपाशी येतोय."

भाऊ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी तळहात सांध्याजवळ धरला, चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि इंजिन बंद केलं. "कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"बोंबील जळालं तवापासनं," वहिनी म्हणाल्या. "आळीतली समदी बाहेर आली. तुमी कढईम्होरं बसून पेपर वाचत व्हता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलताय का बगत व्हते."

भाऊंनी पॅकिंग काढलं. आवळताना एका कडेने ते जरासं सरकलं होतं, इतकंच. असं कुणाच्याही हातून होतं आणि म्हणूनच शेवटी तपासायचं असतं. नवं पॅकिंग घातलं, मधून कडेला जात सावकाश आवळलं. मग घरात गेले आणि कपडे धुवायच्या साबणाचं पाणी वाटीत घेऊन आले. माझ्याकडे पाठ करून त्यांनी ते सांध्यावर मारलं. बुडबुडा आला नाही. मला त्यांची ती पाठ बघवेना.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

पोरगी बरी होती, पण शिकणं सोडलं होतं तिने. मी फोनवर सांगितलं होतं की दोष गाडीचा होता, तुला काही झालेलं नाही. पण तिच्या सासूने ठरवूनच टाकलेलं, हिला चक्कर येते, हिला गाडी झेपायची नाही. आणि ड्रायव्हिंग स्कूलवाली बाई तर असंच म्हणणार, तिचं गिऱ्हाईक जातंय. वाईट म्हणजे तिलाही आता तेच खरं वाटायला लागलं होतं. "माझ्या अंगातच न्हाई मॅडम," असं मला म्हणाली.

मी भाऊंना म्हटलं, "तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"बेडशात?" भाऊ म्हणाले. "तितं सांगितलं म्हंजी समद्या पवन मावळात सांगितलं. उद्या कोण गाडी देईल माज्याकडं? तुमी द्याल?"

मी लगेच हो म्हणाले नाही. खोटं कशाला सांगू. आदल्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला जे बघितलं होतं ते डोळ्यांपुढे होतं. भाऊंनी ते ओळखलं आणि हात पुसायला आत गेले.

पुढे दोन-तीन दिवस गॅरेजचं शटर अर्ध्यावरच होतं, असं कळलं. मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. "गाडी घिऊन या म्हंत्यात. कपडे घालून बसल्यात."

गाडीत भाऊ मागे बसले. बेडशात तिच्या घराच्या ओट्यावर सगळेच होते: सासू तांदूळ निवडत होती, नवरा रात्रपाळी करून आलेला, ती आत. सासूने भाऊंना लहानपणापासून ओळखलेलं. "आरं, लय दिसानं आलास. आज कुटं वाट चुकलास?"

"वाट न्हाई चुकलो मावशी," भाऊ म्हणाले. "सुनबाईला बोलवा. तिच्याकडंच आलोय."

ती दारात येऊन उभी राहिली. भाऊ ओट्यावर चढले नाहीत, अंगणातच उभे राहून बोलले. "ताई, त्या दिशी तुला चक्कर आली ती तुजी न्हवती. गाडीचा धूर आत येत व्हता. पॅकिंग सरकल्यालं. मी तपासलं व्हतं आणि साफ हाय म्हणून दिली व्हती गाडी. मला वास येत न्हाई. तापातनं उठल्यापासनं येत न्हाई. मी कुणाला सांगितलं न्हाई."

सासूचा हात सुपातच थांबला. नवऱ्याने विचारलं, "आमच्या पिकअपचा सायलेन्सर तुमीच जोडला ना, भाऊ? यंदाच?"

"व्हय."

"तापाच्या आधी का नंतर?"

"नंतर," भाऊ म्हणाले. "घिऊन ये. साबण मारून बगतो, आन माजी बायको वास घेईल. न्हाईतर दुसऱ्या कुणाला दाव. पर दाव. त्याच्याबिगर चालवू नको."

नवरा 'बरं' म्हणाला, पण ते 'बरं' कुठलं, ते मला कळलं नाही. त्याने पिकअप दुसरीकडेच दाखवली असं नंतर समजलं. आणखीही काही गिऱ्हाइकं तुटली. मी टिकले, पण त्या अंगणात तेही अजून ठरलेलं नव्हतं. भाऊ तसेच उभे होते, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे. मला त्यांची कीव नाही आली. अभिमान वाटला, आणि तो तिथे बोलून दाखवता येईना.

बोलली ती सासू. सूप खाली ठेवलं आणि सुनेकडे न बघताच म्हणाली, "आगं, हुबी काय ऱ्हायलीस? मास्तरीण गाडी घिऊन आलीया न्हवं दारात? पायात चपला घाल."

तिने घातल्या. गाडी बेडशातून तिनेच काढली. मी शेजारी, भाऊ मागे, चारी काचा खाली. भुरभुर आत येत होती आणि भाऊंची बाही भिजत होती. पहिल्या वळणाला त्यांनी विचारलं, "ताई, वास येतोय का गं?"

"न्हाई, भाऊ."

थोडं पुढे गेल्यावर परत विचारलं. तिने परत सांगितलं. चढाला विचारलं, उताराला विचारलं. मी वैतागून मागे वळणार होते, पण ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देत होती, आणि हातातलं स्टेअरिंग जरासुद्धा हलत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात फुलोऱ्यात आला होता.

"आता येतोय का?"

"येतोय," ती म्हणाली. "आंबेमोहोराचा. बाकी कसला न्हाई."

"मग काच खालीच ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाले.